वरची दाढ काढली की नजर जाते? नाही हो, अजिबात नाही

आमच्या घरात आजीपासून ऐकत आलोय, वरचा दात काढू नकोस, डोळ्याची नस तिथूनच जाते. आणि या भीतीपायी माणसं किडलेली दाढ वर्षानुवर्षं तशीच ठेवतात, दुखली की लवंग धरायची, नाहीतर मेडिकलमधून पेनकिलर, बघून खरंच जीव तुटतो.

तर, दिसणं ज्या नसेवर चालतं ती डोळ्याच्या मागून थेट मेंदूत जाते, दाताशी तिचा काही संबंध नाही. दातांना फांद्या येतात त्या मेंदूतून निघणाऱ्या पाचव्या नसेच्या, तिचं काम चेहरा, दात, हिरड्यांची संवेदना पोचवणं. तिचीच एक फांदी कपाळ आणि डोळ्याच्या भागाला जाते, म्हणून दाढेचा ठणका कधीकधी डोळ्यापर्यंत जाणवतो, पण नजरेला त्याने काही होत नाही.

मग हा समज आला कुठून? मला वाटतं वयामुळे. साठीच्या आसपास दात पण पडायला लागतात आणि मोतीबिंदू पण तेव्हाच येतो, लोकांनी दोन्ही जोडून टाकलं.

उलट खरा धोका किडलेला दात तसाच ठेवण्यात आहे! वरच्या दाताच्या मुळाशी पू झाला तर इन्फेक्शन वर सरकून डोळ्याभोवती पोचू शकतं, क्वचित होतं पण तेव्हा नजरेवर बेतू शकतं. गालावर किंवा डोळ्याखाली सूज आली, सोबत ताप असला तर शेकत बसू नका, त्याच दिवशी डेंटिस्टकडे जा, आणि डोळा उघडेना किंवा अंधुक दिसायला लागलं तर सरळ हॉस्पिटल. लवकर गेलात तर बऱ्याचदा रूट कॅनॉलवर भागतं, दाढ काढावीच लागत नाही.