‘मऊ पाणी’ म्हणजे नेमकं कोणतं? ड्वार्फ सिक्लिडच्या पैदाशीची पार्श्वभूमी

रॅम या छोट्या (ड्वार्फ) सिक्लिड माशाची जोडी जमते, सपाट दगड साफ करते, अंडी घालते आणि दुसऱ्या दिवशी अंडी पांढरी पडलेली दिसतात. यावर मिळणारा सल्ला वर्षानुवर्षं एकच आहे: ‘पाणी मऊ करा.’ सल्ला चुकीचा नाही. पण ‘मऊ’ या एका शब्दाखाली तीन वेगवेगळी मोजमापं दडलेली आहेत, आणि त्या गोंधळापायी पैदाशीचे कितीतरी प्रयत्न वाया गेले आहेत.

हा शब्द मासे पाळणाऱ्यांनी घडवलेला नाही, तो कपडे धुण्याच्या आणि बॉयलरच्या जगातून आला. १९व्या शतकात इंग्लंडमध्ये पाण्याचा कठीणपणा मोजायचा तो साबणाच्या द्रावणाने. फेस यायला जितका साबण जास्त, तितकं पाणी कठीण. आपल्या शाळेच्या पुस्तकांतले ‘सुफेन’ आणि ‘दुष्फेन’ हे शब्द तोच फेस सांभाळून आहेत. बोअरच्या पाण्याला आपण ‘जड’ म्हणतो कारण त्यात डाळ शिजत नाही आणि केस राठ होतात. या सगळ्या खुणा कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या आहेत, बाकीच्या क्षारांबद्दल त्या काही सांगत नाहीत.

एपिस्टोच्या (एपिस्टोग्रामा या ड्वार्फ सिक्लिडांच्या) पैदाशीचं वळण जर्मन हौशी लोकांनी घालून दिलं, म्हणून त्यांची ‘डिग्री’ही आपल्याकडे आली. एक जर्मन डिग्री जीएच (एकूण कठीणपणा) म्हणजे लिटरमागे १० मिलिग्रॅम चुन्याइतका (कॅल्शियम ऑक्साइड), आजच्या कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात १७.८ पीपीएम कठीणपणा. तिच्या जोडीला आली केएच. हिचं नाव ‘कार्बोनेट कठीणपणा’ असलं तरी टेस्ट किट प्रत्यक्षात मोजतं ती पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद. नावात कठीणपणा असल्यामुळे लोक दोन्ही आकडे एकाच पारड्यात टाकतात. पीएच खाली येईल की नाही हे केएच ठरवते, जीएच नाही.

तिसरं मोजमाप टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार. घरोघरी आरओ बसू लागले, ते बसवणाऱ्या माणसाच्या खिशातलं पेनासारखं मीटर आपल्याही हातात आलं, आणि किटमधले थेंब मोजायचे मागे पडले. हे मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते ते बघतं आणि त्या आकड्याला ठरलेल्या गुणकाने गुणतं. काही मीटर ०.५ ने गुणतात, काही ०.७ ने. म्हणजे ४०० मायक्रोसीमेन्स (विद्युतवाहकतेचं एकक) वाहकतेचं तेच पाणी एका मीटरवर २०० दिसतं आणि दुसऱ्यावर २८०. दोन मित्र फोनवर टीडीएसची तुलना करतात तेव्हा बहुतेक वेळा हे लक्षातच घेतलं जात नाही. शिवाय कॅल्शियम कुठलं आणि सोडियम कुठलं, हे मीटरला कळत नाही.

खरी फसगत सोसायटीच्या सॉफ्टनरमध्ये होते. तो कॅल्शियम काढून घेतो आणि बदल्यात सोडियम सोडतो. साबणाला भरपूर फेस येतो, जीएच जवळजवळ शून्यावर येते, पण टीडीएस होता तिथेच राहतो. पुस्तकाच्या व्याख्येने हे पाणी मऊच. पण ज्या माशाचे पूर्वज जवळपास क्षारच नसलेल्या पाण्यात वाढले, त्याच्या दृष्टीने क्षारांचं ओझं तेवढंच आहे. माझं मत स्पष्ट आहे: पैदाशीच्या संदर्भात ‘मऊ’चा अर्थ ‘एकूण विरघळलेले क्षार कमी’ असाच घ्यावा, फेसाची व्याख्या इथे उपयोगाची नाही.

त्या पूर्वजांच्या पाण्याबद्दल थोडक्यात. रिओ निग्रोसारख्या काळ्या पाण्याच्या नदीत विद्युतवाहकता १० मायक्रोसीमेन्सच्या आसपास आणि पीएच ४ ते ५ असतो. पण सगळेच ड्वार्फ सिक्लिड तिथले नाहीत. बोरेली हा एपिस्टो पॅराग्वे नदीच्या खोऱ्यातला आहे. रॅम ओरिनोकोच्या गवताळ मैदानांतला. १९४८ साली त्याची शास्त्रीय नोंद झाली ती एपिस्टोग्रामा म्हणूनच. आता त्याची प्रजात वेगळी मानतात, पण ‘सगळ्या ड्वार्फना एकच पाणी’ ही सवय सुटलेली नाही. टँकमध्ये पिढ्यानपिढ्या वाढलेला काकाटुऑइड्स हा एपिस्टो मध्यम कठीण पाण्यातही पिल्लं काढतो, जंगलातून पकडलेल्या काळ्या पाण्याच्या जातीकडून ती अपेक्षा धरता येत नाही.

आरओच्या आधीचे उपाय म्हणजे पीट (दलदलीतला अर्धवट कुजलेला पाला), आयन बदलणारी रेझिन आणि आम्ल. फॉस्फेटवाली पीएच-डाउन पावडर टाकली की रात्री पीएच उतरायचा आणि केएच शिल्लक असल्याने सकाळपर्यंत पुन्हा वर यायचा. वर पाण्यात क्षारांची भर आणि शेवाळाला खत. आपल्याकडे पीटच्या नावाने कोकोपीट वापरलं गेलं. ते नारळाच्या काथ्याचं, अनेकदा खारट. नीट न धुता टाकलं तर टीडीएस वाढतो. देशी बदामाची वाळलेली पानं हा चांगला उपाय, पण ती चुना काढत नाहीत. बोअरच्या पाण्यात पानं टाकली तर पाणी चहासारखं दिसतं आणि पीएच जवळपास जागच्या जागी राहतो.

आरओने हा प्रश्न सोडवला, पण नवा निर्माण केला. केएच संपली की पीएच एकाएकी कोसळू शकतो. आम्लधर्मी पाण्यात फिल्टरमधले जिवाणू मंदावतात आणि अमोनियम साचतं, जे तिथे फारसं बाधत नाही. मग कुणीतरी चांगल्या हेतूने नळाचं जास्त पीएचचं पाणी बदलतं, त्या अमोनियमचा विषारी अमोनिया होतो आणि पिल्लं मरतात. दोष ‘रोगा’वर जातो.

प्रत्येकाला आरओ लागतोच असंही नाही. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसाच्या तलावांचं पाणी येतं, ते मुळातच मऊ. कोकणात आणि गोव्यात जांभ्यातल्या विहिरींचं पाणी क्षारांनी कमी, बऱ्याचदा किंचित आम्लधर्मी. देशावर बसाल्टमधली बोअर असेल तर मात्र आरओ किंवा साठवलेलं पावसाचं पाणी हवं.

दुसरा वाद पिल्लांतल्या नर-मादीच्या प्रमाणाचा. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत काही सिक्लिडांमध्ये आम्लधर्मी पाण्यात नर जास्त निघाले, आणि क्रिबेन्सिस या सिक्लिडमध्ये हे नंतरही दिसलं. त्यातून ‘पीएचवर नर-मादी ठरतात’ हे वाक्य सगळ्या एपिस्टोंना चिकटलं. १९९६ मध्ये एपिस्टोग्रामाच्या ३७ जाती २३, २६ आणि २९ अंशांवर, ४.५ ते ६.५ पीएचमध्ये वाढवून पाहिल्या गेल्या. त्यांतल्या ३३ जातींत तापमानाचा परिणाम दिसला: पाणी गरम तितके नर जास्त. पीएचचा परिणाम त्यामानाने किरकोळ ठरला. मराठवाड्यात किंवा विदर्भात मे महिन्यात काढलेल्या एपिस्टोच्या पिल्लांत मादीच सापडत नसेल, तर पीएच किटआधी त्या पहिल्या महिन्याभराची थर्मामीटरची नोंद बघावी.