पुण्याहून कोकणात: मागे राहिलेले घाट

स्वारगेटला कोकणाची एसटी धरताना डावी खिडकी की उजवी, यावर पुणेकर बराच खल करतो. त्याला दरी दिसायला हवी असते. ज्यांनी या वाटा पाडल्या, त्यांनी मात्र दरीकडे हौसेने पाहिलं असण्याची शक्यता कमीच. त्यांच्या बैलांच्या पाठीवर मीठ होतं.

आधी भूगोल, कारण सगळी मेख तिथेच आहे. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर. पश्चिमेला निघालं की मावळ-मुळशीतून जमीन थोडी चढते, पण छाती दडपावी असं काही लागत नाही. मग घाटमाथा येतो आणि जमीन एकदम संपते. बेसॉल्टचे थर कोकणाच्या बाजूला कापल्यासारखे सरळ खाली गेले आहेत. म्हणजे पुणेकराला घाट चढायचा नसतो, उतरायचा असतो. दोन-तीन तास गाडी नुसती वळणं घेत जाते आणि सगळा उतार शेवटच्या पट्ट्यात अंगावर येतो. मागच्या बाकावर बसणाऱ्यांना आलेपाकाची आठवण होते ती इथेच.

‘घाट’ हा आपल्याकडे वाटेचा शब्द. डोंगर तो सह्याद्री. इंग्रजांनी वाटेचं नाव अख्ख्या डोंगराला दिलं आणि आता आपणही ‘पश्चिम घाट’ म्हणतो. वाटेलाच घाट म्हणायचं, तर असे घाट शेकड्यांनी होते. जुन्नरजवळचा नाणेघाट सातवाहनांच्या काळातला, दोन हजार वर्षांपूर्वीचा. गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे आणि माथ्यावर दगडी रांजण. त्यात जकात गोळा होई, असं परंपरा सांगते. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच वाटेने देशावर चढे. पुढे लमाणांचे तांडे मीठ, नारळ, सुकी मासळी वर आणत आणि धान्य-गूळ खाली नेत. उंबरखिंडीसारख्या वाटेवर 1661 मध्ये मोगल सरदार कारतलबखानाची फौज शिवरायांकडून कोंडली गेली, तीही वाट अरुंद होती म्हणूनच.

आणि खुद्द पुण्याचं वैभव याच दिशेने वर आलं. श्रीवर्धनचे भट सिद्दीच्या जाचामुळे घाट चढून देशावर आले आणि 1713 मध्ये त्यांच्यातलेच बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले. आज श्रीवर्धनला सहलीला जाणारी बस ती वाट उलटी चालते, एवढंच.

मग रस्ते कुणाला मिळाले? जो घाट मुंबईच्या उपयोगाचा, त्याला. बोरघाटातून तोफा आणि टपाल जायचं होतं. 1830 मध्ये गव्हर्नर माल्कमच्या काळात तिथे गाडीरस्ता झाला. 1858 मध्ये पुण्याहून खंडाळ्यापर्यंत रेल्वे आली, पण मधला घाट बाकी होता. खंडाळ्याला उतरायचं, पालखीत किंवा बैलगाडीत बसून खोपोलीला जायचं आणि तिथे पुन्हा गाडी पकडायची. हा खटाटोप 1863 पर्यंत चालला. घाटातल्या लोहमार्गाच्या कामावर हजारो मजूर राबले आणि कित्येक रोगराईने मेले. पुढे द्रुतगती मार्ग आला, बोगदे आले. आज बोरघाटातून जाणारा प्रवासी डोळे मिटून मुंबई गाठतो. रस्ता सुधारला आणि दरी खिडकीतून गेली.

बाकीचे घाट मागे राहिले, आणि म्हणूनच, माझ्या मते, ते देखणे राहिले. भोरहून महाडला उतरणारा वरंध घाट घ्या. वरचा मुलूख पंत सचिवांच्या भोर संस्थानचा, खाली सावित्रीकाठचं जुनं बंदर महाड. रस्ता कावळ्या किल्ल्याचं अंग कापून गेलाय. वाघजाईच्या देवळाजवळ गाडी थांबते, माकडं टपावर चढतात, कांदाभजीचा वास येतो. जवळच शिवथरघळ. हे सगळं टिकलं, कारण इथून कुणाला घाईने मुंबई गाठायची नव्हती.

ताम्हिणी घाटाची गोष्ट वेगळी आणि थोडी कडू. पौड सोडल्यावर बस ज्या देखण्या पाण्याच्या काठाने जाते, तो मुळशीचा तलाव. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी इथली गावं बुडणार होती. 1921 मध्ये सत्याग्रह उभा राहिला आणि पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ म्हणून ओळखले जाऊ लागले ते याच लढ्यात. लढा हरला, धरण झालं. 1927 पासून घाटमाथ्याचं पाणी नळांतून कोकणातल्या भिरा वीजघरावर पडू लागलं. माणगावची एसटी ताम्हिणीने धावू लागली त्याच्या कितीतरी आधी पाणी घाट उतरलं होतं. भिऱ्याहून सुटलेलं तेच पाणी कुंडलिकेत जातं आणि त्यावर कोलाडला पुण्यामुंबईची मंडळी राफ्टिंग करतात.

एसटी स्वतः 1 जून 1948 ला सुरू झाली. पहिली गाडी पुणे ते अहमदनगर, सपाटीची. पण तिची खरी परीक्षा घाटात झाली. ज्या गावांना रेल्वे कधीच मिळणार नव्हती, तिथे गणपतीला आणि शिमग्याला माणसं पोचवायची जबाबदारी लालडब्यावरच आली. ‘निसर्गरम्य प्रवास’ हे लेबल त्यानंतर कधीतरी चिकटलं, बहुधा प्रवास नाइलाजाचा राहिला नाही तेव्हा.

वरंध मात्र अजूनही दरडींच्या भीतीने पावसाळ्यात अनेकदा जड वाहनांना बंद असतो. धबधबे जोरात असतात नेमके तेव्हाच.