खाऱ्या पाण्याच्या टँकमधलं पाणी बिघडणं

घरच्या समुद्री टँकमध्ये अमोनिया (माशांच्या घाणीतून तयार होणारं विष), त्यापासून बनणारं नायट्राइट, खारटपणा, पीएच (पाणी किती आम्लधर्मी की अल्कधर्मी त्याचं माप) यातलं काहीही मर्यादेबाहेर गेलं की पाणी बिघडलं असं म्हणतात, मग ते दिसायला काचेसारखं स्वच्छ का असेना. मासे वर येऊन भराभर कल्ले हलवायला लागले की बहुतेकांच्या लक्षात येतं, तोवर उशीर झालेला असतो.

पाणी साफ नेमकं कोण करतं यावर मतं बदलत आलीत. लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० मध्ये मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून समतोल साधला, पुढे समुद्राच्या पाण्यावरही प्रयोग केले, पण त्यात जिवाणूंचा हिशोबच नव्हता. गंमत म्हणजे अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट असं दोन टप्प्यांत होतं आणि ते दोन वेगळे जिवाणू करतात, हे शेतीच्या संशोधनातून पुढे आणणाऱ्यांत त्याचाच मुलगा होता, त्याचंही नाव रॉबर्टच. साधारण १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने हे जिवाणू वेगळे काढले आणि तेव्हापासून नायट्रोसोमोनास-नायट्रोबॅक्टर (पहिला अमोनियाचं नायट्राइट करणारा, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट) ही जोडी पुस्तकापुस्तकांतून तशीच उतरत गेली. १९९८ मध्ये गोड्या पाण्याच्या टँकमध्ये नायट्राइटचं काम नायट्रोस्पायरासारखे जिवाणू करतात असं दिसलं, आणि २००५ मध्ये तर सिएटलच्या मत्स्यालयातल्या समुद्री टँकमधूनच अमोनिया खाणारा एक आर्किया (जिवाणूंसारखा दिसणारा पण वेगळ्याच गटातला सूक्ष्मजीव) वेगळा काढला, म्हणजे तो जिवाणूही नव्हे. सगळं श्रेय आर्कियाला देणं जरा घाईचं वाटतं. अमोनिया किती आहे त्याप्रमाणे दोघांचा वाटा कमीजास्त होत असावा, हे जास्त पटतं.

ही मंडळी दगडांवर आणि फिल्टरमध्ये चिकटून राहतात, म्हणून फिल्टर नळाच्या क्लोरीनवाल्या पाण्याने घासून धुतला की दोनेक दिवसांत अमोनिया वर. आणि समुद्री टँकमध्ये तो जास्त घातक, कारण पीएच ८.२ ला अमोनियाचा विषारी वाटा पीएच ७ च्या तुलनेत दहापटीहून जास्त असतो. नायट्राइटचं मात्र उलटं आहे, पाण्यातलं भरपूर क्लोराइड त्याला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही, त्यामुळे गोड्या पाण्यातले आकडे इथे लावून घाबरू नये. शिवाय नायट्राइट असताना नायट्रेटची टेस्ट खोटी जास्त दाखवते.

औषधाच्या बाटलीला हात लावायच्या आधी मोजमाप तपासावं. काट्याच्या हायड्रोमीटरमध्ये (खारटपणा मोजायचं साधन) काट्याला एक बारीक बुडबुडा चिकटला तरी काटा वर उचलला जातो, पाणी जास्त खारट वाटतं, माणूस गोडं पाणी ओततो आणि मासे खरोखरच कमी खारट पाण्यात जाऊन पडतात. टिचकी मारून बुडबुडा सोडवायचा. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वळतो त्यावरून खारटपणा मोजणारं यंत्र) ३५ च्या, म्हणजे हजार भागांत ३५ भाग मिठाच्या, कॅलिब्रेशन फ्लुइडने लावून घ्यावा, नुसत्या आरओच्या (फिल्टरने क्षार काढलेल्या) पाण्यावर विसंबू नये. उडून जातं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं, म्हणून रोजची तूट गोड्या पाण्यानेच भरायची. मुंबईच्या किनाऱ्यावरून पाणी आणणाऱ्यांनी पावसाळ्यात विशेष जपावं, खाड्या-नद्यांच्या पाण्याने समुद्राचा खारटपणाच उतरलेला असतो.

पीएच कमी येत असेल तर बफर (पीएच वाढवणारी पूड) टाकायच्या आधी कपभर टँकचं पाणी गॅलरीत नेऊन एअरस्टोनने (हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) तासभर हवा सोडावी. पीएच चढला तर दोष बंद एसी खोलीत साठलेल्या कार्बन डायऑक्साइडचा आहे, खिडकी उघडली की बराच फरक पडतो. नाही चढला तर अल्कलिनिटी, म्हणजे पीएच घसरू न देण्याची पाण्याची ताकद, मोजावी, समुद्रात ती साधारण ७ डीकेएच (तिचं मोजायचं एकक) असते.