खिशातला चाकू आणि मल्टिटूल: शार्पनर वापरण्याआधी हे वाचा

या शार्पनरला तीन भाग आहेत. कार्बाइडच्या पट्ट्यांची खाच, सिरॅमिकच्या कांड्यांची खाच आणि बाजूने उघडणारी, टोकाकडे निमुळती होत जाणारी डायमंडची सळई. नेहमीचे काम सिरॅमिकचे. बहुतेक गिऱ्हाईक मात्र सरळ कार्बाइडला हात घालतात, कारण त्यात फरक लगेच जाणवतो. पण कार्बाइड पाते तासते. खाचेखाली पडणारा पोलादाचा कीस म्हणजे तुमचे पातेच. शिवाय कड खरबरीत होते, म्हणून अशी धार टिकतही नाही. धार पार गेली असेल किंवा बारीक दात पडले असतील तेव्हाच कार्बाइड वापरा, तेही हलक्या हाताने तीन-चार वेळा. मग लगेच सिरॅमिकवर या.

आधी तपासा. धार वर करून पाते दिव्याखाली धरा. चांगली कड दिसत नाही. जिथे पांढरी रेघ चमकते तिथे ती बोथट झाली आहे किंवा दुमडली आहे.

सिरॅमिकची खाच. शार्पनर टेबलावर घट्ट धरा. पाते मुठीच्या बाजूने खाचेत सरळ उभे ठेवा आणि आपल्याकडे ओढा. मागे-पुढे घासू नका. आठ-दहा वेळा पुरे. दाब इतकाच की पाते डुगडुगू नये. टोक खाचेत असतानाच थांबून पाते उचला. बाहेर ओढून काढले तर टोक गोल होत जाते.

लॉक नसलेल्या चाकूच्या पाठीवर बोटाने कधीच दाबू नका. टोक खाचेतून निसटले की पाते मिटते, आणि मधे आपलीच बोटे असतात.

कितीही ओढले तरी धार येत नाही? दोष बहुधा कोनाचा असतो. आमच्या खाचा दोन्ही बाजू मिळून 40 अंशांच्या, म्हणजे एका बाजूला 20 अंश आहेत. तुमच्या पात्याची धार त्याहून जाड, समजा बाजूला 25 अंशांची असेल, तर कांड्या वरच्या खांद्यालाच घासतात आणि खरी कड तशीच राहते. खात्री करायला धारेच्या उतारावर काळ्या मार्करने रेघ ओढा आणि पाते दोनदा ओढून बघा. शाई अगदी कडेवरून गेली तर कोन जुळतो. वरून गेली आणि कडेला राहिली, तर खाच सोडा आणि सपाट डायमंड पट्टी घ्या (600 ग्रिट; ग्रिट म्हणजे कणांचा बारीकपणा, आकडा लहान तितकी पट्टी खरबरीत. फारच बोथट असेल तर आधी 325).

पट्टीवर कोन हातानेच सांभाळावा लागतो. 12 मिमी रुंद पात्याची पाठ साडेतीन मिमी उचलली की सुमारे 17 अंश होतात. दहा रुपयांची दोन नाणी एकावर एक ठेवली की साधारण तेवढी उंची मिळते. ती पाठीखाली ठेवून अंदाज घ्या, मग काढून टाका. दुसऱ्या बाजूला पूर्ण लांबीवर बारीक बर, म्हणजे कडेवरून पलीकडे वळलेली पोलादाची बारीक झालर, येईपर्यंत एकच बाजू घासा. बर अंगठ्याने पाठीकडून धारेकडे हात नेत चाचपा, धारेच्या लांबीवरून कधीच नाही. मग दुसरी बाजू. शेवटी एकेक घासा आलटून-पालटून, दाब कमी करत. उरलेली बर जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर, पाठ पुढे ठेवून ओढली की निघते. ती राहिली तर चाकू वर्तमानपत्र छान कापतो आणि दोन टोमॅटोंनंतर बोथट होतो.

दातेरी पाते खाचेत घालू नका, दात झिजतात. उतार बहुधा एकाच बाजूला असतो. त्या बाजूने डायमंडची सळई प्रत्येक खळग्यात बसेल तितकीच आत घालून तीन-चार वेळा फिरवा. दुसऱ्या बाजूची बर पाते सिरॅमिकवर सपाट टेकवून काढा. मल्टिटूलची कात्री आणि तार कापायचा जबडा यांना यातले काहीच लावू नका.

पोलाद. व्हिक्टोरिनॉक्सचे पाते साधारण 56 रॉकवेलचे (रॉकवेल हे कठीणपणाचे माप). लेदरमनच्या बऱ्याच मल्टिटूलमध्ये 420एचसी जातीचे पोलाद असते. दोन्हींना सिरॅमिक पुरते. एस30व्ही सारख्या महागड्या पोलादातले व्हॅनेडियम कार्बाइडचे कण सिरॅमिकपेक्षा कठीण असतात, तिथे डायमंडच हवा.

निगा. सिरॅमिक काळवंडले की पकड जाते. भांड्यांची पावडर आणि हिरव्या घासणीने धुवा, तेल लावू नका. डायमंडवर जोर दिला तर कण उखडतात. धार लावल्यावर पाते पुसा, सांध्यात गेलेला कीस ब्रशने काढा आणि एक थेंब तेल सोडा. पावसाळी ट्रेकनंतर किंवा लिंबू-आंबा कापल्यावर हे न चुकता करा. गोडेतेल नको, ते चिकट होते. फळे कापायच्या चाकूला औषधाच्या दुकानातले लिक्विड पॅराफिन चालते.

कार्बाइडच्या पट्ट्या झिजल्या की स्क्रू सैल करून उलट बसवा. दुसरी कड कोरीच असते. तीही गेली की दुकानात बदली जोडी मिळेल.