शेवटचा स्क्रू काढायलाच हवा, असे नाही

नवी मुंबईच्या तुर्भे-महापे पट्ट्यातील जुन्या यंत्रांच्या व्यवहारात नेहमी ऐकू येणारा समज असा, की वस्तू जोडणीच्या नेमक्या उलट क्रमाने, शेवटच्या स्क्रूपर्यंत सुटी केली तरच पुनर्वापर साधतो. तो चुकीचा आहे. जोडताना प्रत्येक भाग बसवावाच लागतो. सुटे करताना मात्र पुढच्या भागाचे मूल्य तो काढण्याच्या मजुरीपेक्षा कमी भरू लागले, की थांबणेच योग्य. शिवाय गंजलेले स्क्रू आणि चिकटवलेले भाग उलट क्रमाला दाद देत नाहीत. फ्रिजचेच पाहावे: आधी शीतक (थंडावा निर्माण करणारा) वायू यंत्राने काढून साठवायचा (नळी करवतीने कापून तो हवेत सोडणे म्हणजे सुटे करण्याचे नियोजन नव्हे), मग तेल आणि तांब्याची गुंडाळी असलेला कॉम्प्रेसर सोडवायचा, फोम चिकटलेला सांगाडा हाताने सोलण्यापेक्षा बंदिस्त श्रेडरमध्ये (तुकडे करणाऱ्या यंत्रात) गेलेला बरा. बॅटरीसारखे घातक भाग मात्र किंमत न पाहता वेगळे करावेच लागतात.