तांब्याच्या पट्टीतलं पाणी

मागच्या महिन्यात एका बंद पडलेल्या लॅपटॉपमधली तांब्याची पट्टी मी हॅकसॉने कापली. कारण भाचीच्या लॅपटॉपचं निघालं. तिचा लहानसा, तेरा इंची लॅपटॉप. ऑनलाइन शिकवणी सुरू झाली की पंखा इतका घोंघावायचा की समोरच्यांना तिच्या आवाजाऐवजी तोच ऐकू जायचा. दुरुस्ती करणाऱ्याने सांगितलं, "आतली पट्टी पातळ आहे. भरीव, जाड तांब्याची बसवून देतो." तिने मला फोन केला. तोंडी समजावण्यापेक्षा दाखवावं म्हणून मी माळ्यावरचा जुना लॅपटॉप काढला.

पातं थोडंसंच फिरलं आणि तांब्याची भिंत पार झाली. पट्टी आतून पोकळ होती, आणि भिंतीला आतून रव्यासारखा दाणेदार थर चिकटलेला होता.

"या पोकळीत पाणी असतं. अगदी थोडं, हाताला ओलही लागणार नाही इतकं," मी म्हटलं.

"मावशी, लॅपटॉपमध्ये पाणी?"

हो, पाणी. या पट्टीला हीट पाइप म्हणतात. प्रोसेसरची, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य चिपची, उष्णता पंख्यापर्यंत नेणं हे तिचं काम. ती भरीव आहे असं बहुतेकांना वाटतं, दुरुस्ती करणाऱ्यांपैकीही अनेकांना. तांबं उष्णतेचं उत्तम वाहक आहे हे शाळेत शिकलेलं असतं, त्यामुळे शंका येत नाही. पण गणित करून बघा. लहान लॅपटॉपमधला प्रोसेसर बऱ्याचदा 15 वॉटचा असतो आणि पंखा त्याच्यापासून दहाएक सेंटिमीटरवर, कोपऱ्यात. 6 मिलिमीटर व्यासाच्या भरीव तांब्याच्या कांबीतून 15 वॉट उष्णता 10 सेंटिमीटर न्यायची, तर तिच्या दोन टोकांच्या तापमानात सुमारे 133 अंशांचा फरक लागतो. पंख्याकडचं टोक 50 अंशांवर असेल, तर प्रोसेसर 183 वर पोचायला हवा. तो तर 100च्या आसपासच स्वतःचा वेग कमी करायला लागतो. कांब 12 मिलिमीटरची केली तर फरक 33 अंशांवर येईल, पण वजन चौपट होईल आणि एवढी जाड कांब या लॅपटॉपमध्ये मावणारच नाही. पोकळ नळी हेच काम काही अंशांच्या फरकात करते.

कसं करते, ते मला अजूनही विलक्षण वाटतं.

कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून पाणी 100 अंशांच्या वर उकळतं. हीट पाइपमध्ये याच्या उलट केलेलं असतं. नळीतली हवा काढून टाकून थोडं पाणी ठेवतात आणि ती सील करतात. आता आत फक्त पाणी आणि त्याची वाफ. 40 अंशांना त्या वाफेचा दाब वातावरणाच्या दाबाच्या साधारण चौदाव्या हिश्शाएवढा असतो. अडवायला हवा नसल्यामुळे प्रोसेसरकडचं टोक जरा तापलं की तिथलं पाणी लगेच वाफ होतं, आणि वाफ होताना प्रत्येक ग्रॅममागे सुमारे 2,400 ज्यूल उष्णता उचलतं. शाळेतला अप्रकट उष्मा तो हाच. थंड टोकाकडे दाब किंचित कमी असतो, म्हणून वाफ तिकडे धावते, तिथे पुन्हा पाणी होते आणि उचललेली सगळी उष्णता टाकून देते. 15 वॉटसाठी सेकंदाला फक्त 6 मिलिग्रॅम पाण्याची वाफ पुरते. एक थेंब 50 मिलिग्रॅमचा धरला, तर साधारण आठ सेकंदांत एक थेंब. एवढ्यावर अख्खा प्रोसेसर थंड राहतो!

माठातलं पाणीही याच अप्रकट उष्म्यामुळे गार होतं. पण माठातून झिरपलेलं पाणी हवेत जातं आणि माठ रोज भरावा लागतो. नळीतलं पाणी मात्र परत यावं लागतं. ते आणण्याचं काम तो रव्यासारखा थर करतो. समईत तेल वातीतून वर चढतं, तसं पाणी त्या दाण्यांमधल्या फटींतून गरम टोकाकडे ओढलं जातं. हे केशाकर्षण. त्याचा जोर काढायचा तर पृष्ठताणाची दुप्पट घ्यायची आणि तिला छिद्राच्या त्रिज्येने भागायचं. छिद्रं 30 मायक्रोमीटर त्रिज्येची असली तर सुमारे 4,600 पास्कल, म्हणजे 47 सेंटिमीटर उंच पाण्याचा स्तंभ पेलणारा दाब मिळतो. म्हणून लॅपटॉप तिरका धरला तरी चक्र थांबत नाही. छिद्रं आणखी बारीक केली तर ओढ वाढते, पण वाहण्याला अडथळा त्याहून झपाट्याने वाढतो. मधला बिंदू शोधावा लागतो. उष्णता क्षमतेबाहेर गेली तर परत येणारं पाणी कमी पडतं, गरम टोक कोरडं होतं आणि नळी एकदम निकामी झाल्यासारखी वागते. नळी वाकली किंवा चेपली तरी हेच होतं. त्यामुळे साफसफाई करताना तिच्यावर जोर देऊ नका.

या कल्पनेसाठी जनरल मोटर्सच्या रिचर्ड गॉग्लर यांनी 1942 मध्ये पेटंटचा अर्ज केला होता, शीतकरणासाठी. ती तशीच पडून राहिली. 1963 मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती स्वतंत्रपणे पुन्हा शोधली, तेव्हा डोळ्यांसमोर अंतराळातल्या अणुभट्ट्या होत्या. आज ती भाचीच्या मांडीवर आहे.

मग भाचीचा पंखा का ओरडत होता? नळी चोख काम करत होती. अडलं होतं पुढे. नळीच्या थंड टोकाला धातूचे पातळ पत्रे असतात आणि पंखा त्यांच्यामधून हवा फुंकतो. पंखा आणि पत्रे यांच्या मधोमध धूळ, केस, कपड्यांचे तंतू साचून नमद्यासारखा पट्टा तयार होतो. बाहेरच्या जाळीतून तो दिसत नाही, त्यामुळे जाळी पुसून काही साधत नाही. तळ उघडून, पंखा काढून, तो पट्टा चिमट्याने ओढून काढावा लागतो. हवेचा झोत मारायचा असेल तर पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. प्रोसेसर आणि नळी यांच्यामधली फट भरणारी थर्मल पेस्ट जुनी झाली असेल तर तीही बदला. आणि लॅपटॉप गादीवर ठेवू नका, कारण बहुतेकांची हवा आत घेण्याची वाट तळालाच असते.

उष्णता शोषून घेणारे म्हणून विकले जाणारे चकचकीत स्टिकर मात्र घेऊ नका. शोषलेली ऊर्जा स्टिकर ठेवणार कुठे? 15 वॉट आत आले तर 15 वॉट बाहेर जायलाच हवेत. पंखाही थंडी निर्माण करत नाही, तो उष्णता खोलीत टाकतो. म्हणून मे महिन्यात खोली 25 ऐवजी 40 अंशांवर असली की प्रोसेसरही जवळपास तेवढाच, पंधराएक अंशांनी जास्त तापतो.

आवाजाचं गणित आपल्या बाजूचं आहे. पंख्याचा वेग 20 टक्क्यांनी कमी झाला की आवाज साधारण 5 डेसिबलने उतरतो. वेग निम्मा झाला तर 15 डेसिबलने. शिवाय पाती ठराविक अंतराने एका जागेवरून जातात, त्यातून एक सूर निघतो. 37 पाती मिनिटाला 4,500 फेरे घेत असतील तर तो 2,775 हर्ट्झचा, आणि आपला कान 2,000 ते 4,000 हर्ट्झच्या पट्ट्यातच सर्वात तीक्ष्ण असतो. म्हणून 2012 मध्ये अॅपलने आपल्या नव्या मॅकबुक प्रोमध्ये असमान अंतरावरची पाती वापरली: सूर एका जागी न राहता पसरतो, आणि तोच आवाज कमी बोचतो.

पंख्याला काम कमी देणं सगळ्यात चांगलं. प्रोसेसरमध्ये खर्च होणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या प्रमाणात वाढते. वेग 20 टक्के आणि व्होल्टेज 10 टक्के कमी केलं तर ती सुमारे 35 टक्क्यांनी घटते. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' 100 ऐवजी 99 केलं की बऱ्याच लॅपटॉपमध्ये टर्बो, म्हणजे प्रोसेसरने गरजेपुरता वाढवलेला जादा वेग, बंद होतो. भाचीच्या लॅपटॉपवर मी तेच केलं, धुळीचा पट्टा काढल्यावर. आता शिकवणी चालू असताना पंखा फिरतो, पण मायक्रोफोनमध्ये येत नाही. कापलेली पट्टी तिने शाळेत दाखवायला नेली आहे.