पाळीत पोटाला लावायच्या यंत्राचा ‘करंट’ गर्भाशय बिघडवतो का?

पाळीत दुखणं कमी करायला पोटावर चिकटवायची छोटी यंत्रं मिळतात. ‘त्यांचा करंट गर्भाशयात जातो, पुढे मूल होत नाही’, असं बायका एकमेकींना अजून सांगतात. हे खरं नाही. या भीतीपोटी एखादी मुलगी पोट दाबून वर्गात बसून राहते, याचं फार वाईट वाटतं.

पाळीत प्रोस्टाग्लँडिन ही रसायनं गर्भाशयाला जोरात आकुंचन पावायला लावतात. त्याच या कळा. इस्रायली स्टार्टअपचं ‘लिव्हिया’ किंवा तशी इतर टेन्स यंत्रं बॅटरीवरचे विजेचे सौम्य स्पंद त्वचेजवळच्या नसांना देतात. मुंग्या आल्यासारखं वाटतं, एवढंच. स्पर्शाच्या अशा संवेदना मज्जारज्जूतच वेदनेची वाट अडवतात, असं मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडलं. ठेच लागली की आपण नकळत अंगठा चोळतो, तसंच हे.

यामुळे वंध्यत्व येतं याचा पुरावा नाही. मात्र पेसमेकर असेल किंवा दिवस गेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यंत्र लावू नका. दर महिन्याला दुखणं वाढतच असेल, तर ते एंडोमेट्रिओसिसही (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) असू शकतं. तेव्हा यंत्रावर भागवू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.